भिंग डोळ्याशी, फूल भिंगाशी

"आज धुकं पडलंय का गं?"

आईनं हे इतक्या सहज विचारलं की बुटाची नाडी बांधता बांधता लेक "नाही" म्हणून मोकळीही झाली. मग तिचा हात नाडीवरच थांबला. धुकं? या गावात? इथे हवेत वर्षभर उडते ती धूळ. धुकं पोरांना भेटायचं ते शाळेच्या पुस्तकात, तेवढंच.

तिनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन असं घुसलं होतं की ओट्यावरच्या पातेल्याकडे बघवत नव्हतं. आणि त्या उन्हात उभी राहून आई बाहीनं चष्मा पुसत होती.

"काचच मळलीय मेली. केव्हाची पुसतेय."

"आई, इकडे बघ. माझं तोंड दिसतंय?"

"दिसतंय की. वर दूध सांडल्यासारखं दिसतंय. पण तुझं तोंड काय, पाठच आहे मला."

"दुखतंय का?"

"छे."

"टोचतंय, खुपतंय? पाणी येतंय?"

"काही नाही गं बाई. दुखलं असतं तर गप्प बसले असते का मी?"

ते खरं होतं. आई दुखणं मुकाट्यानं सोसणाऱ्यातली नव्हती; सुई बोटात घुसली तरी वरच्या मजल्यावरच्या सुनेपर्यंत बातमी जायची. पण लेक घाबरली ती वेगळ्याच कारणानं. आईला डोळा होता तो एकच.

डावा गेला त्याला साठ वर्षं होऊन गेली होती. लहानपणी कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावताना एक फांदी सटकली आणि काटा सरळ आत. उरलेल्या उजव्या डोळ्यावर आईनं शिवणयंत्र चालवलं, नवरा गेल्यावर दोन पोरं वाढवली, आणि अजूनही गल्लीतल्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशांच्या शिवणी उसवून मोठ्या करणं चालूच होतं. सुईत दोरा स्वतःच ओवायची. कुणी "द्या मी ओवते" म्हणालं तर ऐकवायची, "दोन-दोन डोळ्यांनी तुम्ही काय दिवे लावलेत ते दिसतंय मला."

चार वर्षांपूर्वी त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून लेकीनं दहाही बोटांची नखं कुरतडली होती. ऑपरेशन छान झालं, आणि तिला वाटलं, सुटलो.

लेक वाळवंटी वनस्पतींच्या केंद्रात कामाला होती. दाबून वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून लोखंडी कपाटांत जपून ठेवायची, त्यांची ओळख पटवायची, हे तिचं काम. गळ्यात काळ्या दोरीला कायम एक घडीचं भिंग, म्हणून केंद्रात तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे भिंगवाली. आज केंद्रात प्रदर्शन उघडायचं होतं आणि तिला लवकर पोचायचं होतं. विचारात पडली की भिंगाशी चाळा करायची तिची सवय. आत्ताही हात गळ्याशी गेला आणि रिकामा खाली आला. भिंग तिनं प्रदर्शनातल्या टेबलावर ठेवलं होतं.

तिनं जिन्यातूनच हाक मारली, "वहिनी! खाली ये. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

वहिनी ओल्या केसांनीच खाली आली. काय झालं ते ऐकून तिनं सासूकडे पाहिलं. "आई, शिंक आली तरी चारचौघांना सांगता तुम्ही. काल संध्याकाळपासून अंधुक दिसतंय, आणि हे सांगायचं नाही?"

"संध्याकाळी अंधारच होतो गं. त्यात अंधुक काय नि ठळक काय?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "दिव्याभोवती मात्र रंगीत कडं दिसत होतं. छान दिसत होतं हो. म्हटलं, नवा दिवा लावला की काय सुनेनं."

रिक्षात तिघी बसल्या. रस्त्यात ऊन मी म्हणत होतं, दुकानदार ताडपत्र्या खाली ओढत होते, आणि मधे बसलेली आई मान वळवून वळवून बाहेर बघत होती. लेक तिच्याकडे बघत होती. तो डोळा ज्या जागी बघायला हवा तिथे बघत नव्हता. थोडा अलीकडे कुठेतरी थांबत होता.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आईची हनुवटी यंत्रावर टेकवली, प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यावर सोडली आणि बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"काल डोळ्यात काही गेलं होतं?"

"काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही," लेकही म्हणाली. आणि दोघीही खरंच बोलत होत्या.

"फिनेल, चुना, रंग? केसांना काही लावलंत?"

"या वयात केसांना काय लावायचं, जे आहेत त्यांना धरून ठेवलंय," आई म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत.

त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. "डोळ्याची समोरची काच सुजलीय. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एक थर असतो. काचेत झिरपणारं पाणी सतत उपसून टाकणं हे त्याचं काम. यांच्या त्या पेशी मुळात कमी. वयानं काही गेल्या, मोतीबिंदूच्या वेळी काही. गेलेल्या परत येत नाहीत. ज्या होत्या त्या इतके दिवस तोलून धरत होत्या. आता थकल्या असतील."

"म्हणजे?"

"म्हणजे काच बदलावी लागेल कदाचित. त्यासाठी दुसऱ्या कुणाचा डोळा मिळावा लागतो, आणि मिळाला तरी या वयात, एकुलत्या एक डोळ्यावर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "आज थेंब सुरू करू. थोडा वेळ बाहेर बसा, दाब मोजायचाय."

लेक बाहेर येऊन बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर मोठं, खाली खाली बारीक होत गेलेली. तिला शेवटची ओळ सहज वाचता येत होती, आणि त्याची तिला विलक्षण लाज वाटली. पलीकडे आई वहिनीला सांगत होती, की शेजारणीच्या मुलाची पँट आज द्यायचीय, तेवढी तळाची शिवण घालून दे, पण सरळ घाल, मागच्या वेळेसारखी सापासारखी नको.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातला चित्रकार होता. झाडांची चित्रं काढायचा, आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

"ताई, आज माझी सुट्टी समजा हो. उजव्या डोळ्यापुढे वाफ जमलीय. चहाच्या कपात तोंड घालून बसल्यासारखं दिसतंय सगळं. बायको म्हणते, नाटकं. आता तिला कसं सांगू, की डाव्या डोळ्यानं बघितलं तर ती स्पष्ट दिसते, आणि उजव्यानं बघितलं तर सुंदर."

लेक हसली नाही. "दुखतंय?"

"तेच तर! अजिबात नाही. म्हणून तर कुणी विश्वास ठेवत नाही."

"फक्त उजवा?"

"फक्त उजवा. भिंगाचा डोळा."

तिचा हात पुन्हा गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं.

काल दुपारी आई केंद्रात आली होती. प्रदर्शनाच्या टेबलांसाठी तिनं कापडं शिवून दिली होती, तीच घेऊन. वाळवंटातली झाडं माणसांच्या आणि जनावरांच्या काय उपयोगी पडतात, असं ते प्रदर्शन. शमीच्या शेंगा, खाली लिहिलेलं की माणसं शेंगा खातात आणि उंट-शेळ्या पाला. पिलूच्या काड्या, दात घासायच्या, आणि त्याची फळं, जी माणसांना उरावीत म्हणून पाखरांशी शर्यत लावावी लागते. कडूजहर इंद्रावण, ज्याचा गर पोट साफ करतो आणि ज्याच्या बिया भाजल्या की खाता येतात. बाभळीचा डिंक, त्या टेबलापाशी मात्र आई थांबली नव्हती. "हिची नि माझी ओळख आहे," म्हणून पुढे गेली होती.

शेवटचं टेबल रुईचं. रस्त्याकडेला, उकिरड्यावर, कुठेही वाढणारी, म्हणून कुणी मान वळवून न बघितलेली. शेजारी तिच्या बोंडातला रेशमासारखा कापूस, उशीत भरायचा. गुडघ्याला शेकायची पानं. एक काचेची पेटी, तिच्यात पट्ट्यापट्ट्यांची अळी, जी हीच पानं खाते आणि फुलपाखरू झाली की पाखरांना कडू लागते, म्हणून जगते. आणि लेकीनं स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी: 'ताजं पान शेळी तोंडाला लावत नाही. वाळून गळालेलं मात्र खाते.'

आईनं फुलांचा घोस पाहिला. "रंग बरा आहे. पण यात एवढं बघण्यासारखं काय?"

"थांब, तुला आतलं दाखवते," लेक म्हणाली.

एवढ्या वर्षांत आईनं तिच्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. 'गवत चिकटवते' असं गल्लीत सांगायची. लेकीनं घोसातलं एक टवटवीत फूल देठासकट तोडलं, भिंग गळ्यातून काढून आईच्या हातात दिलं आणि नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायची तसंच तिला शिकवलं. भिंग फुलावर धरायचं नाही. भिंग डोळ्याशी, अगदी पापणीला लागेल इतकं, हात गालाला टेकवून. आणि मग फूल भिंगाशी आणायचं.

आईनं चष्मा काढला. तिचा शिवणकामाचा हात, जरा हलला नाही. फूल जवळ आलं आणि आई एकदम बोलायची थांबली.

"अगबाई," ती शेवटी म्हणाली. "हे मधे काय आहे, मुकुटासारखं? आणि शिवण कुठाय गं याला? कुठे जोडलंय तेच दिसत नाही."

लेक तिला सांगत होती. त्या मुकुटाच्या खाचांत परागांच्या पिशव्या असतात, दोन दोन जोडलेल्या, खोगिराला लटकवलेल्या थैल्यांसारख्या. माशीचा पाय खाचेत अडकला की ती पिशव्या घेऊनच उडते. आई "हो?" म्हणत होती, फूल फिरवून बघत होती. तुटलेल्या देठातून पांढरा चीक येत होता. आईच्या बोटांवर. भिंगाच्या कडीवर. लेकीला तो दिसत होता आणि दिसत नव्हताही, कारण ती बघत होती आईच्या चेहऱ्याकडे.

मग चित्रकार आला. "मावशी, सोडा आता, मला चित्र पुरं करायचंय," म्हणून त्यानं भिंग घेतलं आणि डोळ्याला लावलं. आईनं हात धुतले, त्यानंही धुतले, लेकीनंही. रुईला हात लावला की डोळ्याला लावायच्या आधी हात धुवायचे, हा केंद्रातला पहिला नियम होता. दारामागच्या बेसिनवर साबण त्यासाठीच असायचा.

हात धुवायचा नियम होता. भिंग धुवायचा नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर लेकीच्या कानाशी फोन तसाच होता. ते फूल तिनं तोडलं होतं. भिंग तिनं दिलं होतं. डोळ्याला अजून जवळ धर, अजून जवळ, असं तिनं सांगितलं होतं. बाभळीच्या काट्याला निदान काही शिकवावं लागलं नव्हतं.

फोनमधून आवाज आला, "ताई? आहात ना?"

"आत्ताच्या आत्ता डोळा पाण्यानं धू आणि इथे ये. बायकोला घेऊन ये. नाटक नाहीये ते," ती म्हणाली आणि उठून, दार न वाजवता, डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"रुईचा चीक," ती म्हणाली. "काल. माझ्या भिंगावरून."

डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली आलं. "आणि दुखलं नाही. बरोबर आहे. तो चीक डोळा बधिर करतो. आत शिरून काच सुजवतो, पण कळू देत नाही. अगोदर का नाही बोललात?"

"माहीत नव्हतं."

"झाडांच्याच केंद्रात आहात ना तुम्ही?"

डॉक्टरांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या भराभर औषधाचं नाव बदलत होत्या, आत परिचारिकेला डोळा धुवायचं सामान काढायला सांगत होत्या. "हे असेल तर आशा आहे. तरुण डोळा पंधरवड्यात स्वच्छ होतो. यांच्या पेशी कमी, त्यातल्या चिकानं किती नेल्या ते सूज उतरल्यावर कळेल. तोवर मी शब्द देणार नाही." मग त्यांनी विचारलं, "अजून कुणी बघितलं त्यातून?"

आणि तेव्हा तिला दुसरी गोष्ट आठवली.

भिंग रुईच्या टेबलाला दोरीनं बांधलेलं होतं. शेजारी ताटलीत तोडलेली फुलं. सुकली की ताजी तोडून ठेवा, असं तिनं पहारेकऱ्याला बजावलं होतं. वर मोठ्या अक्षरांत पाटी: 'भिंग डोळ्याशी, फूल भिंगाशी.' आणि सकाळी पहिला गट शाळेच्या मुलींचा.

तिनं केंद्राचा फोन लावला. वाजत राहिला. साहेबांचा लावला. बंद, पाहुण्यांसमोर भाषण चालू असणार. पुन्हा केंद्राचा. पहारेकरी फोनपाशी नव्हता, तो ताटलीत फुलं ठेवत असणार.

ती आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, तो चीक... मी काल... भिंगाला लागला होता. त्यानं झालंय हे. आणि तिकडे शाळेच्या मुली आल्यात, तेच भिंग..."

आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं. तिला समजायला क्षणभर लागला. मग चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, रंग म्हणा, हसू म्हणा.

"मग इथे काय करतेयस?" ती म्हणाली. "माझा डोळा डॉक्टरांच्या ताब्यात आहे. त्यांचे कुणाच्या ताब्यात आहेत? पळ."

ती पळाली. रिक्षा मिळाली, पण चौकात पाण्याचा टँकर आडवा होता, म्हणून उतरून पुन्हा पळाली. बुटाची एक नाडी सकाळपासून सुटलेलीच होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना रुई होती, नेहमीसारखी, धुळीनं पांढरी झालेली, फुललेली. किती वर्षं ती या झुडपांना ओळखत होती! त्यांचं लॅटिन नाव, कूळ, पानांवरची लव, बोंडातला कापूस. शेळ्या त्यांच्या पानांना चुकवून पुढे जाताना तिनं शंभरदा पाहिलं होतं आणि पाटीवर लिहिलंही होतं. शेळीनं जे तोंडाला लावलं नाही ते तिनं आईच्या डोळ्याला लावलं होतं.

प्रदर्शनाच्या खोलीत मुलींचा कलकलाट होता. काही शमीच्या शेंगा हुंगत होत्या, काही पिलूच्या काड्यांनी एकमेकींना टोचत होत्या. रुईच्या टेबलापाशी रांग. रांगेच्या तोंडाशी दोन वेण्यांची एक मुलगी, एका हातात ताजं फूल, देठाला पांढरा थेंब लोंबकळणारा, आणि दुसऱ्या हातात भिंग.

भिंग तिनं हात लांब करून फुलावर धरलं होतं. सिनेमातला गुप्तहेर बोटांचे ठसे बघतो तसं. एक डोळा मिटून, कोपर ताठ, तोंडानं "हं, हं, खुनी इथेच आहे" असं म्हणत. मागच्या मुली खिदळत होत्या.

"असं नाही गं," शेजारी उभ्या शिक्षिका बाई म्हणाल्या. "वाचता येतं ना? काय लिहिलंय? भिंग कुठे धरायचं?" आणि त्यांनी मुलीचं मनगट धरून भिंग तिच्या डोळ्याकडे न्यायला सुरुवात केली.

"नको!"

तिचा आवाज एवढा मोठा येऊ शकतो हे केंद्रातल्या कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. पलीकडच्या खोलीतलं भाषण थांबलं. तिनं मुलीच्या हातातून भिंग ओढलं ते दोरीसकट. टेबल सरकलं, ताटली पडली, आईनं शिवलेलं कापड निम्मं खाली आलं. मुलगी गोठल्यासारखी उभी. शिक्षिका बाईंचा चेहरा लालबुंद.

"काय हे? मुलीच्या अंगावर धावून येता?"

"डोळ्याला लावलं का? कुणी डोळ्याला लावलं?" ती एकेका मुलीच्या तोंडाकडे बघत विचारत होती. "खरं सांगा. कुणी रागावणार नाही."

"नाही," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "मीच पहिली होते. मला नीट धरता येत नव्हतं."

भिंगवाली तिथेच जमिनीवर बसली. आयुष्यभर तिनं लोकांना ते असं धरू नका म्हणून शिकवलं होतं, आणि आज त्या चुकीच्या धरण्यानं एक डोळा वाचला होता.

मग सगळ्या मुलींना बेसिनपाशी रांगेत उभं करून तिनं स्वतः त्यांचे हात साबणानं धुतले. शिक्षिका बाईंनीही आपले हात पुढे केले. धुताना वेण्यांच्या मुलीनं विचारलं, "लावलं असतं तर आंधळी झाले असते?"

"धुकं दिसलं असतं," ती म्हणाली.

ती दवाखान्यात परतली तेव्हा आईच्या डोळ्यावर भोकांची प्लास्टिकची वाटी चिकटवलेली होती. पलीकडच्या बाकावर चित्रकार तशीच वाटी लावून, आणि त्याची बायको त्याचा हात धरून. चित्रकार चक्क गप्प होता.

"वाचल्या का पोरी?" आईनं पावलांच्या आवाजावरूनच विचारलं.

"वाचल्या."

"बरं झालं."

त्यानंतर आई बोलली नाही. रिक्षात नाही, घरी नाही. वहिनीनं चहा दिला तो हातात धरून बसली. लेक समोर उभी होती. बस म्हणायचंही आईला सुचलं नाही. शेवटी आई म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, नुसतं न सुटलेलं कोडं होतं, "तो डोळा गेला तेव्हा मी सगळं गाव गोळा केलं होतं गं. असं दुखलं होतं. हा निघाला तर सांगूनसुद्धा निघाला नाही."

"गेलेला नाहीये अजून, आई."

"आणि मला किती बरं वाटत होतं बघताना," आई म्हणाली.

चित्रकाराचा डोळा आठवड्यातच निवळला. त्यानं येऊन जाहीर केलं, की बायको आता दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसते आणि त्यानं ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलंय. केंद्रातल्या बेसिनवर नवी पाटी लागली, स्पिरिटची बाटली आली. भिंग आता हातांच्या आधी धुतलं जाई. रुईचं फूल काचेखाली ठेवलं गेलं. भिंगवालीच्या गळ्यात मात्र दोरी परत आली नाही. ती भिंग खणात ठेवायची, आणि काढताना दर वेळी आधी त्याची कडी तपासायची.

आईचा डोळा निवळला तो अर्धाच. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते असं: पेशी बऱ्याच गेल्या, पण काही तग धरून आहेत. रात्रभर पापणी मिटलेली असली की काचेत पाणी साठतं. डोळा उघडा राहिला, हवा लागली, की दुपारपर्यंत उपसलं जातं. म्हणजे सकाळी धुकं, दुपारी ऊन. रोज. आणि किती वर्षं पुरेल ते सांगता येत नाही.

आईनं यंत्र खिडकीपाशी हलवलं आणि गल्लीत निरोप धाडला, की यापुढे कामं दुपारनंतर. सकाळी ती भिंतीला हात लावून चालते आणि चहा सांडला तर सुनेला म्हणते, "तूच कप हलवलास."

परवा सकाळी लेक बूट घालत होती. आई खिडकीशी उभी होती, वाटी नुकतीच काढलेली, तोंड उन्हाकडे.

"काय गं, हे धुकं बाहेर पडलंय की माझं आहे?"

लेकीनं बाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर ऊन तापत होतं. भिंतीच्या पायथ्याशी कुणी न लावलेली रुई फुलली होती. लेक पहिल्या दिवसाइतकीच हादरली. रोज हादरायची.

"तुझं आहे, आई."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "माझं असलं तर दुपारपर्यंत जातं."